सूचनांचा सुकाळ, अवधानाचा दुष्काळ

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

भारतातील सार्वजनिक तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. त्यापूर्वीच्या दीड शतकाहून अधिक काळात ‘तार आली’ एवढे दोन शब्द ऐकताच घरातील माणसे हातातले काम टाकून दारात जमत. तारेतील मजकूर जेमतेम पाच-सहा शब्दांचा असे. तिचे वजन मात्र मोठे असे. या वजनामागे एक साधे आर्थिक कारण होते. तारेला शब्दागणिक पैसे पडत. पदरचे पैसे खर्चून कोणी तार केली आहे, म्हणजे सांगण्यासारखे काही घडले आहे, हे घेणाऱ्याला मजकूर वाचण्यापूर्वीच समजत असे.

आज शासकीय कार्यालये, बँका, रुग्णालये आणि उद्योग यांच्या संगणक प्रणाली दिवसरात्र सूचना धाडत असतात. संदेश पाठवण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला आहे. त्यामुळे संदेश आला, एवढ्यावरून आता काहीच सिद्ध होत नाही. तो वाचावा की नाही, हे ठरवण्याचा भार पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकला आहे. अनावश्यक स्वयंचलित सूचना हा वरवर पाहता तांत्रिक तपशिलाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो दुर्मीळ साधनसंपत्तीच्या वाटपाचा प्रश्न आहे आणि म्हणून तो अर्थशास्त्राचा व लोकप्रशासनाचाही विषय आहे.

एका तक्रारीचा प्रवास

केंद्र सरकारच्या प्रशासकीय सुधारणा आणि सार्वजनिक तक्रारी विभागाने २००७ मध्ये केंद्रीकृत सार्वजनिक तक्रार निवारण आणि संनियंत्रण प्रणाली सुरू केली. ‘सीपीग्राम्स’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. अशा प्रणालींचा गाभा सर्वत्र सारखाच असतो. प्रत्येक तक्रारीला एक नोंदणी क्रमांक मिळतो. खासगी उद्योगांत या नोंदीलाच ‘तिकीट’ म्हणतात. ही नोंद एका कार्यासनाकडून दुसऱ्या कार्यासनाकडे जाते, तिच्यावर शेरे पडतात, कागद जोडले जातात आणि अखेरीस ती निकाली निघते. या प्रवासातील प्रत्येक हालचालीला प्रणालीच्या भाषेत ‘घटना’ म्हणतात. अमुक घटना घडली की अमुक व्यक्तीला अमुक नमुन्यातील संदेश पाठवावा, असे नियम प्रणालीत आधीच बसवलेले असतात. सूचना योग्य असावी की अनावश्यक, हे या नियमांवर ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास ही बाब स्पष्ट होईल. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वयोवृद्ध महिलेने कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीबाबत तक्रार नोंदवली, असे समजू. तक्रारीच्या वाटेवर बारा घटना घडल्या: नोंदणी, वर्गवारीतील बदल, मंत्रालयाकडून विभागाकडे अग्रेषण, विभागाकडून लेखा कार्यालयाकडे अग्रेषण, कर्मचाऱ्याकडे सोपवणी, अंतर्गत शेरा, त्याच शेऱ्यातील शुद्धलेखनाची दुरुस्ती, बँक खात्याच्या तपशिलाची मागणी, तक्रारदाराचे उत्तर, कागद जोडणे, प्राधान्यक्रमातील बदल आणि निकाल. तक्रारदार, हाताळणारा कर्मचारी, त्याचा वरिष्ठ, नोडल अधिकारी आणि मूळ कार्यालय अशा पाच जणांना प्रत्येक घटनेची सूचना जाईल, असा नियम असेल तर एका तक्रारीमागे साठ संदेश निघतात.

या साठांपैकी आवश्यक किती? तक्रारदार महिलेला चार गोष्टी कळणे गरजेचे आहे: तक्रारीची पोच, ती अखेर कोणत्या कार्यालयाकडे गेली, तिच्याकडून काय हवे आहे आणि निर्णय काय झाला. कर्मचाऱ्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: काम सोपवले गेले आणि तक्रारदाराचे उत्तर आले. मूळ कार्यालयाला निकालाची एक सूचना पुरते. वरिष्ठ आणि नोडल अधिकारी यांना मुदत संपत आली तरच स्वतंत्र सूचना हवी. एरवी आठवड्याची एकत्रित यादी त्यांना अधिक उपयोगी पडते. म्हणजे साठांपैकी सात संदेश कामाचे आणि त्रेपन्न बिनकामाचे.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. त्या वरिष्ठाच्या अखत्यारीत अशा दोनशे तक्रारी असतील तर त्याच्याकडे एकूण दोन हजार चारशे संदेश येतील. प्रत्येक संदेश उघडून सोडून देण्यास पाच सेकंद लागतात असे धरले, तरी तीन तास वीस मिनिटे निव्वळ उघडझाकीत जातात. प्रत्यक्षात कोणीही अधिकारी हे करीत नाही. तो संदेश न उघडताच पुसून टाकतो, किंवा अशा सर्व संदेशांची परस्पर वेगळ्या कप्प्यात रवानगी करून टाकतो. मग ज्या एका संदेशात मुदत संपत आल्याचा इशारा असतो, तोही त्याच कप्प्यात जातो. तिकडे त्या महिलेच्या मोबाइलवरील बारा संदेशांपैकी आठव्या संदेशात खात्याचा तपशील मागितलेला असतो. आधीचे सात संदेश तिच्याकडून काहीच मागत नसल्याने आठवाही तसाच असेल, असा तिचा समज होतो. उत्तर न आल्याने तक्रार बंद केली जाते आणि थकबाकी थकलेलीच राहते. प्रणालीच्या नोंदीत मात्र ‘तक्रारदारास वेळोवेळी कळवण्यात आले’ असा शेरा खरा ठरतो.

अवधानाचे अर्थशास्त्र

१९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या प्रश्नाची पायाभरणी केली. माहिती ज्याच्यापर्यंत पोचते त्याचे अवधान ती खर्ची घालते. म्हणून माहिती विपुल झाली की अवधान दुर्मीळ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संघटनेची रचना करताना माहिती किती निर्माण केली यापेक्षा ती कितपत गाळून व संक्षेपाने पुढे दिली, याकडे पाहावे, हा त्यातून निघणारा निष्कर्ष आहे. माहिती-प्रणाली जितकी बोलते त्याहून अधिक तिने ऐकून घ्यावे व विचार करावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

या विचाराला बाह्यपरिणामाच्या संकल्पनेची जोड देता येते. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे विवेचन केले. कारखान्याचा धूर शेजाऱ्यांना सोसावा लागतो, पण त्याचा खर्च कारखान्याच्या वहीत उमटत नाही. अनावश्यक सूचनेचेही तसेच आहे. ती पाठवणाऱ्या विभागाच्या अंदाजपत्रकात तिचा खर्च नगण्य असतो. तो खर्च वेळेच्या आणि विचारभंगाच्या रूपाने इतरांनी भरलेला असतो. ज्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारता येतो, त्याचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होते, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

तिसरा दृष्टिकोन सामाईक साधनसंपत्तीचा आहे. गावचे गायरान सर्वांचे असते. आणखी एक जनावर सोडण्याचा लाभ ज्याचा त्याला मिळतो, गवत खुरटल्याचे नुकसान मात्र सर्वांत वाटले जाते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये या पेचाकडे लक्ष वेधले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की, स्थानिक समाज आपापसांत नियम ठरवून व ते पाळण्यावर लक्ष ठेवून असे गायरान राखू शकतात. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या दोन मानकऱ्यांपैकी त्या एक होत. कर्मचाऱ्याचे वा नागरिकाचे अवधान हेही असेच गायरान आहे. प्रत्येक विभागाला आपली सूचना महत्त्वाची वाटते. सर्वांच्या सूचना एकाच मोबाइलवर उतरतात तेव्हा कोणाचीच महत्त्वाची राहत नाही.

चौथा मुद्दा संकेतांच्या विश्वासार्हतेचा. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार संकेत विश्वासार्ह ठरायचा तर तो देण्यास काही खर्च पडावा लागतो आणि तो खर्च सर्वांना सारखाच परवडणारा असून चालत नाही. तारेचे वजन कशातून येत होते, याचे उत्तर या सिद्धांतात आहे. खर्चाची गाळणी गेल्यानंतर तिच्या जागी नियमांची गाळणी बसवावी लागते. तशी ती न बसवल्यास ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे घेणारा खऱ्या हाकेकडेही दुर्लक्ष करतो. गावकऱ्यांचे ते वागणे आधीच्या अनुभवावर बेतलेले आणि त्या अर्थाने विवेकी असते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जेथे किंमत प्राणांनी मोजली गेली

सूचनांच्या गर्दीचे परिणाम उद्योग आणि वैद्यक या क्षेत्रांत अधिक ठळकपणे नोंदले गेले आहेत. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला. त्याची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाला आढळले की, पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोकासूचना सुरू झाल्या होत्या आणि बिनमहत्त्वाच्या सूचना दाबून महत्त्वाच्या तेवढ्या पुढे आणण्याची सोयच नव्हती. ब्रिटनमध्ये वेल्सच्या मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. स्फोटापूर्वीच्या अखेरच्या अकरा मिनिटांत दोन चालकांपुढे २७५ धोकासूचना येऊन पडल्या होत्या. पुढे ब्रिटनमधील अभियांत्रिकी उपकरणे वापरणाऱ्या उद्योगांच्या संघटनेने १९९९ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात, प्रकल्प सुरळीत चालू असताना सरासरी दहा मिनिटांत एकाहून कमी धोकासूचना हे प्रमाण स्वीकारार्ह मानले गेले.

रुग्णालयांतील चित्र वेगळे नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे उपकरणांच्या धोकासूचनांशी संबंधित ९८ दुर्घटना नोंदल्या गेल्या व त्यांपैकी ८० मध्ये रुग्णाचा मृत्यू झाला. सतत वाजणाऱ्या घंटांमुळे परिचारिका व डॉक्टर यांच्या संवेदना बोथट होणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘सूचनाथकवा’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे.

अणुभट्टी आणि निवृत्तिवेतनाची तक्रार यांची तुलना प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. दोन्हींतील मानवी मर्यादा मात्र एकच आहे. तक्रार प्रणालीत स्फोट होत नाही, म्हणून तेथील नुकसान दिसत नाही. ते हजारो कुटुंबांत थोडे थोडे विखुरलेले असते आणि त्याची चौकशी करायला कोणताही आयोग नेमला जात नाही.

कमी करणे म्हणजे गप्प राहणे नव्हे

येथे एक सावधगिरीचा मुद्दा येतो. सूचना सरसकट बंद करणे हा उपाय नाही, कारण काही सूचनांवर नागरिकाचे कायदेशीर हक्क अवलंबून असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ६(३) नुसार अर्ज दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे पाच दिवसांच्या आत हस्तांतरित करावा लागतो आणि तसे अर्जदारास तात्काळ कळवावे लागते. कलम १९(१) नुसार पहिल्या अपिलाची तीस दिवसांची मुदत निर्णय मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास उत्तराचा कालावधी संपल्यापासून मोजली जाते. हस्तांतरणाची सूचना मिळाली नाही तर अपील कोणाकडे करावे हेच अर्जदाराला कळणार नाही; निर्णयाची सूचना नजरेतून सुटली तर मुदत निघून जाईल.

बँकिंगमध्येही असेच आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवल्यास त्याचे दायित्व शून्य ठरवण्यात आले; चार ते सात दिवसांत कळवल्यास ते मर्यादित ठेवण्यात आले. येथे सूचना हाच घड्याळाचा आरंभबिंदू आहे. २०२४ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेने यूपीआयद्वारे शंभर रुपयांपर्यंत दिलेल्या व पाचशे रुपयांपर्यंत मिळालेल्या रकमांचे लघुसंदेश बंद केले व त्यांच्यासाठी ई-मेलची सोय कायम ठेवली. चहाच्या पैशांचा संदेश आणि मोठ्या रकमेचा संदेश एकाच सुरात वाजू नये, हा विचार त्यामागे दिसतो. अशी मर्यादा कोठे आखावी यावर मतभेद संभवतात. ती आखावी लागते, यावर मात्र ते होऊ नयेत.

संख्याशास्त्रात दोन प्रकारच्या चुका सांगितल्या जातात. गरज नसताना इशारा देणे ही एक आणि गरज असताना न देणे ही दुसरी. एक कमी करू जाता दुसरी वाढते. मार्च २०२१ मध्ये याचा प्रत्यय आला. व्यापारी संदेशांचा मजकूर आधी नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून पाहण्याची व्यवस्था ८ मार्च रोजी कडकपणे लागू होताच अनेक बँकांचे व सेवांचे एकवेळ संकेतांक ग्राहकांपर्यंत पोचेनासे झाले. संस्थांनी आपले नमुने वेळेत नोंदवले नव्हते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ‘ट्राय’ला, ही छाननी सात दिवसांसाठी स्थगित ठेवावी लागली. चाळणी हवी, परंतु तिची छिद्रे कोणत्या आकाराची हवीत हे आधी तपासले पाहिजे, हा त्यातील धडा होय.

प्रतिबंधाची सूत्रे

अनावश्यक सूचना रोखण्याची तंत्रे फारशी गहन नाहीत. जगभरातील तिकीट प्रणालींच्या अनुभवातून ती सिद्ध झाली आहेत. त्यांतील प्रमुख सूत्रे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिले सूत्र: ज्याने कृती केली त्यालाच तिची सूचना देऊ नये. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ या मुक्तस्रोत प्रणालीत कृती करणाऱ्याला तिची सूचना न पाठवणे हीच मूळ मांडणी आहे. कोणाला ती हवी असल्यास मुद्दाम चालू करावी लागते. मूळ मांडणीचे महत्त्व येथे कळते. बहुसंख्य कार्यालये प्रणाली जशी मिळते तशीच वापरतात. त्यामुळे मूळ मांडणी ठरवणारा अभियंता नकळत धोरणकर्ता ठरत असतो.

दुसरे सूत्र: यंत्राने यंत्राला उत्तर देऊ नये. एका कार्यालयाची प्रणाली पोच पाठवते, समोरच्या अधिकाऱ्याच्या ई-मेलवर ‘रजेवर आहे’ असे स्वयंचलित उत्तर लावलेले असते, प्रणाली त्या उत्तराला नवी तक्रार समजून पुन्हा पोच पाठवते. हे चक्र रात्रभर चालू शकते. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सने ऑगस्ट २००४ मध्ये स्वयंचलित उत्तरांबाबत शिफारसी प्रसिद्ध केल्या. संदेश यंत्राने धाडला असल्याची खूण त्याच्या शीर्षभागात असावी आणि अशा संदेशाला स्वयंचलित उत्तर जाऊ नये, हे त्यांचे सार आहे.

तिसरे सूत्र: घटनेला वजन द्यावे. निर्णय, मागणी आणि जबाबदारीतील बदल या घटना सूचनेस पात्र आहेत. शुद्धलेखनाची दुरुस्ती, वर्गवारीतील फेरफार, अंतर्गत शेरा या घटना नोंदवहीत राहाव्यात. हवे त्याने तेथे जाऊन पाहावे. नोंद ठेवणे वेगळे आणि हाक मारणे वेगळे.

चौथे सूत्र: एकत्रीकरण. एकाच नोंदीवर दहा मिनिटांत पाच बदल झाले तर पाच संदेशांऐवजी थोडे थांबून एक संदेश जावा. पर्यवेक्षकांना दिवसाचा वा आठवड्याचा गोषवारा मिळावा. जुन्या नोंदींची वर्गवारी एकगठ्ठा बदलायची असल्यास तेवढ्यापुरत्या सूचना बंद ठेवण्याची सोय असावी, अन्यथा वर्षापूर्वी निकाली निघालेल्या तक्रारींचे संदेश नागरिकांच्या दारात पुन्हा येऊन धडकतात.

पाचवे सूत्र: निमित्त संपताच सूचना थांबावी. कागद जमा झाल्यानंतरही ‘कागद जमा करा’ असे स्मरणपत्र येत राहिले तर नागरिकाचा प्रणालीवरील विश्वास उडतो. पाठवण्याच्या क्षणी प्रणालीने नोंदीची ताजी स्थिती तपासली पाहिजे.

सहावे सूत्र: संदेशाने कृती सांगावी. ‘आपल्या तक्रारीची स्थिती अद्ययावत झाली आहे’ हे वाक्य माहिती देत नाही. ते नुसते संकेतस्थळावर पिटाळते. त्याऐवजी ‘बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत अमुक तारखेपर्यंत द्यावी’ असे वाक्य नागरिकाच्या भाषेत जावे. ज्या सूचनेतून अशी कृती वा निश्चित माहिती सांगता येत नाही, ती बहुधा अनावश्यकच असते. हीच आवश्यकतेची सर्वांत सोपी कसोटी मानता येईल.

भारतीय धोरणाचा मागोवा

अवधानाच्या गायरानाला कुंपण घालण्याचे काम भारतात दूरसंचार क्षेत्रात टप्प्याटप्प्याने झाले. ट्रायने २००७ मध्ये नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींविरुद्ध विनियम केले व त्यातून राष्ट्रीय ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आली. २०१० च्या विनियमांनी ग्राहकाला पसंती नोंदवण्याची मुभा दिली. २०१८ च्या विनियमांनी पाठवणाऱ्याचे शीर्षनाम व संदेशाचा नमुना यांची पूर्वनोंदणी बंधनकारक केली. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने संदेश प्रचाराचा, सेवेचा, व्यवहाराचा की शासकीय आहे, हे शीर्षनामाच्या शेवटच्या अक्षरावरून ओळखता येईल अशी तरतूद केली. नोंदणीचा खर्च व बंधन यांमुळे तारेच्या काळातील किंमतीची गाळणी काही अंशी परत आणली गेली, असे म्हणता येईल.

आपत्तीच्या इशाऱ्यांबाबत वेगळा मार्ग अवलंबण्यात आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी २०२३ मध्ये ‘सेल ब्रॉडकास्ट’ तंत्राच्या चाचण्या घेतल्या. या तंत्राने ठरावीक भौगोलिक क्षेत्रातील मोबाइलवरच इशारा झळकतो. वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर येत असताना विदर्भातील शेतकऱ्याच्या मोबाइलने ठणाणा करू नये, ही त्यामागील दृष्टी आहे. योग्य व्यक्तीला, योग्य स्थळी व योग्य वेळी सूचना देण्याचे तत्त्व तक्रार निवारणालाही तितकेच लागू आहे.

तक्रार निवारणात मुदती सातत्याने आखडत आल्या आहेत. सीपीग्राम्सवरील तक्रार निकाली काढण्याची मुदत २०२१ मध्ये ६० दिवसांवरून ४५ दिवसांवर, २०२२ मध्ये ३० दिवसांवर आणि ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी २१ दिवसांवर आली. अधिक वेळ लागणार असेल तर अंतरिम उत्तर देण्याचीही त्यांत अपेक्षा आहे. मुदत जितकी आखूड, तितकी प्रत्येक सूचनेची किंमत अधिक. साठ दिवसांच्या मुदतीत एक संदेश आठवडाभर दुर्लक्षित राहिला तरी निभावते; एकवीस दिवसांच्या मुदतीत त्याच आठवड्याने एक तृतीयांश वेळ गिळलेला असतो.

अनावश्यक सूचना का टिकून राहतात?

उपाय इतके साधे असताना ते सर्वत्र का दिसत नाहीत, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर प्रोत्साहनांच्या रचनेत आहे. कागदी कारभारात ‘प्रत माहितीसाठी सादर’ या ओळीखाली किती नावे येतील, यावर टंकलेखन यंत्रातील कार्बन कागदाची मर्यादा असे. ती मर्यादा गेली, सवय राहिली. सूचना पाठवली की ‘कळवले होते’ असा पुरावा तयार होतो आणि जबाबदारी घेणाऱ्याकडे ढकलली जाते. न पाठवलेल्या सूचनेबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. अनावश्यक पाठवलेल्या हजार सूचनांबद्दल त्याला कोणीही विचारत नाही. दंड एकाच बाजूला असेल तर वर्तनही एकाच बाजूला झुकणार.

हा कल बदलण्यासाठी मोजमाप बदलावे लागेल. वार्षिक अहवालात ‘इतके लाख संदेश पाठवले’ हा आकडा यशाचा निदर्शक मानला जातो, तोवर संदेश वाढतच जातील. त्याऐवजी किती मागण्यांना नागरिकांनी मुदतीत प्रतिसाद दिला, प्रतिसादाअभावी किती तक्रारी बंद झाल्या आणि एका तक्रारीमागे सरासरी किती संदेश गेले, ही तीन प्रमाणे प्रसिद्ध व्हावीत. विभागाला प्रत्येक नोंदीमागे ठरावीक संदेशांचे अंदाजपत्रक आखून दिल्यास, त्यापलीकडील प्रत्येक संदेशासाठी त्याला कारण द्यावे लागेल. पिगू यांनी सुचवलेल्या कराचे हे प्रशासकीय रूप ठरेल.

समन्यायाचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. ज्याच्यापाशी मदतनीस व संगणक आहे तो शंभर संदेशांतून कामाचा एक शोधून काढतो. घरात एकच साधा मोबाइल, तोही दिवसभर मुलाकडे कामाच्या ठिकाणी, आणि संदेश परक्या भाषेत, अशी ज्याची स्थिती आहे त्याला हे साधत नाही. अनावश्यक सूचनांचा भार म्हणूनच दुर्बलांवर अधिक पडतो. ज्यांच्यासाठी तक्रार प्रणाली उभारली जाते, तेच तिच्या कोलाहलात हरवतात.

विद्यार्थी मित्रहो, स्पर्धा परीक्षांतून प्रशासनात प्रवेश करणाऱ्या पिढीच्या हाती नस्तीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अशा प्रणालींचे नियम असतील. कोणत्या घटनेला कोणाला हाक मारायची, हे ठरवणारा एक छोटासा चौकोन पडद्यावर असेल आणि त्यात खूण करणे अगदी सोपे असेल. ती खूण करण्यापूर्वी तालुक्याच्या गावातील त्या निवृत्तिवेतनधारक महिलेचा मोबाइल नजरेसमोर आणावा. तिच्यापर्यंत चारच संदेश पोचले आणि चारही तिने वाचले, तर तिची थकबाकी मिळण्याची शक्यता बारा संदेशांच्या व्यवस्थेपेक्षा अधिक आहे.